काश्मिरी सरूचा वारस: काचघरातल्या प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२३

काचघरातल्या काश्मिरी सरूचा (सायप्रस) शेंडा छताच्या काचेला टेकला. गेल्या उन्हाळ्यात हातभर अंतर होतं, तेव्हाच जागं व्हायला हवं होतं. आज शिडी लावून वर गेले. जमिनीपासून आढ्यापर्यंत साडेनऊ मीटर. शेंड्याचा वरचा वीतभर भाग काचेखाली वाकून आडवा झालाय, आणि पालवी जिथे काचेला चिकटली आहे तिथे तपकिरी पडली आहे. रात्री बाहेर पारा शून्याखाली गेला की काच आतूनही गार पडते, तिच्यावर दव धरतं आणि ओली पालवी रात्रभर त्या काचेला टेकून राहते. आतली हवा सहा अंशांवर असली तरी तेवढ्या चार बोटांपुरतं झाड उघड्यावरच उभं असतं.

काका (आमचे सगळ्यात जुने माळी) खालून म्हणाले, "शेंडा मारून टाका ताई, अर्ध्या तासाचं काम."

वरच्या तपकिरी भागाचे फोटो काढले आणि उतरले.

१२ जानेवारी

अधीक्षक साहेबांसोबत बैठक. दरवर्षी शेंडा छाटत राहायचं, झाड काढून टाकायचं, किंवा आधी त्याचा वारस तयार करायचा आणि मग ते काढायचं. मी वारसाच्या बाजूने बोलले, आणि जरा मोठ्यानेच बोलले. जास्वंद किंवा बोगनवेल कुठेही छाटली तरी खालून धुमारे येतात. सरूचं तसं नाही. हिरव्या पालवीच्या आत, उघड्या लाकडावर कात्री लागली की ती फांदी तिथेच संपली. जुन्या लाकडातून नवा फुटवा येत नाही. म्हणजे हे झाड आखूड करून पुन्हा घडवता येणार नाही. आणि याचं सगळं देखणेपण त्याच्या ठेवणीत आहे: शेंडा सरळ, मोठ्या फांद्या वर चढत्या, आणि त्यांच्यावरून निळसर राखाडी डहाळ्या नुकत्याच न्हालेल्या केसांसारख्या खाली सुटलेल्या. दरवर्षी माथा मारला तर पाच वर्षांत वर खराटा उभा राहील.

साहेबांनी विचारलं, "वारस तयार व्हायला किती वेळ?"

म्हटलं, दोन वर्षं नक्की, तीनही लागतील.

"आणि तोवर काच फुटली तर?"

प्रश्न रास्त होता. त्या आढ्याखालून रोज शाळेच्या मुलांच्या रांगा जातात. ठरलं ते असं: शेंडा उतरवायचा, पण एकदाच. आणि उतरवलेल्या शेंड्याचीच कलमं करायची.

१८ जानेवारी

जुनी नोंदणी वही सापडली. सरूपुढे फक्त "१९८६, छाट कलम, एक नग". कुठून आलं, कोणी दिलं, काही नाही. तरी "छाट कलम" (म्हणजे काडी लावून केलेलं रोप) हे दोन शब्द आमच्यासाठी मोलाचे आहेत. रानात वाढलेले या जातीचे मोठे वृक्ष इतके निळे नसतात आणि इतके झुकलेलेही नसतात. बागांमधून फिरलेली ही निळी, गळती सरूची झाडं म्हणजे निवडलेल्या देखण्या झाडांची कलमावर कलमं. बियांपासून रोप केलं तर ते आईसारखं निघेलच असं नाही. हेच झाड परत हवं असेल तर काडीच लावावी लागणार.

तरी बियाही करून बघणार आहे. कलमाने तेच झाड मिळतं, त्याचे दोषही तेच. एखादं वेगळं रोप हाताशी असलेलं बरं.

६ फेब्रुवारी

शेंडा उतरवला. ढगाळ सकाळ मुद्दाम निवडली, म्हणजे काड्या वरून खाली येईपर्यंत सुकू नयेत. कात्री आणि करवत दर दोन कापांनंतर स्पिरिटने पुसली. सरूला साल कुजवणारा एक बुरशीचा रोग होतो, तो छाटणीच्या हत्यारांवरून आणि जखमेतून पसरतो. आमच्याकडे तो आजवर नाही आणि येऊ द्यायचा नाही.

काप घेतला तो एका जोमदार बाजूच्या फांदीच्या बेचक्याच्या लगेच वर. एकूण ६० सेंटिमीटर गेले. काचेखाली आता वितभरापेक्षा थोडी जास्त मोकळी जागा आहे. खाली उभं राहून पाहिलं तर काप दिसत नाही. काकांनी तुटलेला शेंडा दोन्ही हातांवर घेतला आणि ओल्या गोणपाटात गुंडाळला.

मग दिवसभर कलमाच्या टेबलावर. साठ काड्या, दहा ते बारा सेंटिमीटरच्या. काही शेंड्याच्या, बाकीच्या वरच्या कोवळ्या फांद्यांच्या. शक्य तिथे टाचेसह काढल्या: डहाळी खालच्या बाजूला ओढली की तिच्या तळाशी जुन्या लाकडाची छोटी सालपट येते, तीच टाच. तिथून मुळं धरायची शक्यता जास्त. आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलीने पहिल्या तीन काड्या ओरबाडल्या, चौथीपासून तिचा हात बसला.

तिला भिंग दिलं. एवढी मऊ दिसणारी डहाळी भिंगाखाली म्हणजे एक-दोन मिलिमीटरच्या खवल्यांची चौकोनी दोरी. प्रत्येक खवला पुढच्याच्या बुडाला झाकतो. आणि त्या सगळ्यावर पिठासारखा पांढरा थर. तो मेणाचा. खालचं पान हिरवंच असतं, निळेपणा त्या मेणावरून परतणाऱ्या उजेडाचा. तिने अंगठ्याने एक डहाळी पुसली, तर अंगठ्याएवढी जागा साधी हिरवी झाली. "ताई, परत निळी होईल ना?" नाही होणार. जुन्या पानावरचं मेण एकदा गेलं की गेलं. नवी वाढ येईल ती निळी येईल.

वीस-वीसचे तीन गट: एक मुळं फुटवणाऱ्या संजीवकाशिवाय, एक आयबीए या संजीवकाचा ३००० पीपीएम (दहा लाख भागांत ३०००), एक ८००० पीपीएम. माध्यम निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), निम्मं परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे). तळाला ऊब २० अंश, वर हवा गार, आणि धुकं अगदी बेताचं. सूचिपर्णी काड्यांना उपासापेक्षा चिखल लवकर मारतो.

२ मार्च

परागाचे दिवस. फांदीला हात लागला की पिवळा धूर उठतो. नर शंकू जेमतेम तीन ते पाच मिलिमीटरचे, डहाळ्यांच्या टोकाला, मादी शंकू त्याच झाडावर. पण आसपास दुसरा काश्मिरी सरू नाही.

१५ मार्च

मादी शंकू पक्व व्हायला साधारण दोन वर्षं लागतात, म्हणून झाडावर एकाच वेळी दोन हंगामांचे असतात. गडद तपकिरी, सुपारीहून थोडे लहान, तेवढेच काढले. खवले आठ ते बारा असतात, बहुतेकांवर दहा मोजले. कागदी पिशवीत उबेला ठेवले, चार दिवसांत तडकले.

शंभर बिया ब्लेडने आडव्या कापून पाहिल्या. भरलेल्या फक्त चार. बाकी पोकळ, आत नुसता राळेचा वास. एकट्या झाडाने स्वतःच्याच परागावर धरलेलं बी असंच निघतं. उरलेल्या बिया ओल्या वाळूत मिसळून चार आठवडे फ्रिजमध्ये. बघू.

११ एप्रिल

दक्षिणेकडच्या खालच्या फांद्यांचा रंग उतरल्यासारखा वाटला. पांढऱ्या कागदावर फांदी झटकली, कागदावरचे ठिपके चालायला लागले. तळहाताने कागद पुसला तर तपकिरी-हिरव्या रेघा. लाल कोळी (पानांचा रस शोषणारे अगदी बारीक जीव).

काचघराची कोरडी हवा आणि दाट पालवी, कोळ्यांना याहून चांगली जागा नाही. वारा नाही, पाऊस नाही, त्यांना धुऊन नेणारं काहीच नाही.

४ मे

परभक्षी कोळी (इतर कोळी खाणारे) सोडून तीन आठवडे झाले, फरक शून्य. चूक माझी. मी फायटोसियुलस पर्सिमिलिस मागवले. दोन ठिपक्यांच्या कोळ्यावर ते रामबाण आहेत, आमच्या काचघरातल्या वेलींवर दरवर्षी तेच वापरतो. पण ते एका विशिष्ट गटाच्या कोळ्यांवरच जगतात. आज नमुना सूक्ष्मदर्शकाखाली नीट पाहिला: हा सूचिपर्णी झाडांवरचा कोळी आहे, ऑलिगोनायकस. आमच्या पाहुण्यांनी त्याला तोंडही लावलं नसणार. हा कोळी थंड ऋतूंचा, वसंतात आणि शरदात माजतो, भर उन्हाळ्यात मंदावतो. म्हणजे मला घाई झाली तेव्हा त्याचा हंगाम सरतच आला होता.

आधी ओळख, मग औषध, हे मी नवीन मुलांना शिकवते.

२० मे

घाईची दुसरी किंमत. काल तीन खालच्या फांद्यांवर फवारणीचं तेल मारलं, पातळ करून, चाचणी म्हणून. कोळी मेले. आज सकाळी त्या तिन्ही फांद्या साध्या हिरव्या. तेलाने मेण विरघळवलं. फेब्रुवारीत अंगठ्याखाली जे पाहिलं तेच, आता तीन फांद्यांभर. निळ्या पडद्यात तीन हिरवी ठिगळं, तीही पायवाटेच्या बाजूला.

सगळ्या झाडावर मारलं नाही, हे एवढंच नशीब. यापुढे या झाडावर तेल नाही, साबण नाही. दर आठवड्याला सकाळी साध्या पाण्याचा फवारा, खालून वर, हलक्या जोराने, आणि वरच्या झडपा उघड्या म्हणजे दुपारपर्यंत पालवी कोरडी होईल.

२८ जून

काड्या उपटून पाहिल्या. वीस आठवडे झाले. संजीवक न लावलेल्या विसांत दोन मुळाळलेल्या. ३००० पीपीएमच्या विसांत सात. ८००० च्या विसांत चार, आणि बाकीच्यांचे बुडखे काळे, जळल्यासारखे. साठात तेरा. शेंड्यावरून घेतलेल्या काड्या नऊ होत्या, त्यांतल्या पाच लागल्या आहेत. त्यांना पिवळी खूण बांधली.

मुळं पांढरी, जाड, ठिसूळ. सरूची मुळं हाताळलेली खपवून घेत नाहीत, म्हणून माध्यमासकट उचलून थेट उंच, अरुंद कुंड्यांत लावली. गोल बुटक्या कुंडीत मुळं कडेने फेर धरतात, आणि तो फेर झाड मोठं झाल्यावरही सुटत नाही. पाच वर्षांनी वरून धडधाकट दिसणारं झाड तळातून डुगडुगतं.

बियांपासून तीन रोपं आली आहेत. अंगावर खवले नाहीत, मऊ सुया आहेत, सहा-सात मिलिमीटरच्या. खवल्यांची पालवी काही वर्षांनी येईल. दोन निळसर, एक पोपटी.

१६ ऑगस्ट

आढ्याखाली ३८ अंश. हे डोंगरातलं झाड, त्याला थंड, उजळ, खेळती हवा लागते. वरच्या झडपांपैकी दोन अडकल्या होत्या, त्या सोडवल्या. खालच्या झडपाही उघडल्याशिवाय वरून गरम हवा निघत नाही, हे सगळ्यांना पुन्हा सांगितलं.

१० नोव्हेंबर

रोपं वीतभर ते दीड वीत. बाजूच्या फांदीच्या काड्यांपासून झालेली अजून तिरकी चालतात, त्यांना काठी दिली आहे. पिवळ्या खुणेची पाचही आपणहून सरळ.

आजपासून रोपं हलवायची. शिकाऊ मुलीला वाटलं मी गंमत करतेय. पण काचघरात झाडाला वारा मिळत नाही, आणि वारा न खाल्लेलं खोड उंच होतं, जाड होत नाही. हलवलं, स्पर्श केला की वनस्पती आखूड आणि मजबूत वाढते. वनस्पतिशास्त्रज्ञ मॉर्डेकाय जाफी यांनी १९७३ मध्ये या प्रतिसादाला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं नाव दिलं. आमच्या जुन्या झाडाचा बुंधा पाहिला तरी हे कळतं: नऊ मीटर उंचीला तो बारीकच आहे, वर तीन तारांनी छताच्या कैचीला बांधून ठेवलाय. म्हणून रोज सकाळी प्रत्येक रोप मधोमध धरून वीस वेळा हलकेच इकडून तिकडे, आणि दुपारी दोन तास पंखा. काठीची गाठही सैल ठेवायची, खोडाला हलता आलं पाहिजे.

या जातीची वाऱ्याशी एक मोठी गाठ आठवते. इटलीत माजोरे सरोवरात इसोला माद्रे नावाचं बेट आहे, तिथल्या बागेत एकोणिसाव्या शतकात लावलेला काश्मिरी सरू जून २००६ मधल्या वादळाने मुळासकट आडवा पाडला. बागेने तो तोडला नाही. यंत्रांनी उचलून पुन्हा उभा केला, पोलादी तारांनी चहूबाजूंनी ताणून धरला, आणि तो जगला. त्या तारांचे फोटो मी रोपवाटिकेच्या भिंतीवर लावले आहेत.

१४ जानेवारी २०२४

रात्री दोन वाजता गरम पाण्याचा पंप बंद पडला, पहाटे साडेपाचला कळलं. काचघरात किमान तापमान उणे एक. मोठ्या झाडाला काही झालं नाही. रोपांच्या शेंड्यांची कोवळी टोकं मऊ पडून काळी झाली, तेरापैकी चार रोपांची. त्यांत पिवळ्या खुणेची दोन. शेंडा गेलेलं रोप वारस व्हायचं नाही. बाजूची फांदी शेंडा होते, पण तिथे कायमचा बाक राहतो.

पंपाची दुरुस्ती तीन महिन्यांपूर्वीच मागितली होती. काका पहाटेच आले आणि सगळ्या कुंड्या भिंतीलगत ओढून त्यांच्यावर कापड टाकलं. त्यांच्यामुळे नऊ रोपं सुटली.

२० फेब्रुवारी

आता सगळी भिस्त काडी कलमांवर ठेवायची नाही असं ठरवलं. इटालियन सरूची (पेन्सिलीसारखी उभी वाढणारी जात) पेन्सिलीएवढ्याच जाडीची रोपं कुंड्यांत तयार होती. त्यांच्यावर व्हिनियर कलमं, बारा. खुंटाच्या (ज्या रोपावर कलम बांधायचं त्याच्या) बाजूला लांब उथळ काप, काडीला तसाच काप, सालीला साल जुळवून पट्टीने घट्ट. सूचिपर्णी कलमात खुंटाचा माथा लगेच कापायचा नाही, तो रस ओढत राहतो. काडी वाढीला लागली की मग टप्प्याटप्प्याने कमी करायचा.

काकांचा हात या कामात माझ्यापेक्षा कितीतरी चांगला. मी पाच केली, त्यांनी सात.

२३ एप्रिल

बारापैकी आठ कलमं धरली. काकांची सातच्या सात. माझं एक.

जुन्या झाडावर, मागच्या वर्षी शेंडा घेतला तिथे, बाजूच्या दोन फांद्या वर वळून शेंडा व्हायला बघताहेत. एकमेकींना ढकलत काचेकडे निघाल्यात. एक काढली. दोन वर्षांची मुदत म्हटलं होतं, ती खरी ठरणार.

५ सप्टेंबर

झाडापुढच्या पाटीचा मजकूर आज पक्का केला. जुन्या पाटीवर "मूळ स्थान: काश्मीर" असं आहे, आणि जवळजवळ चाळीस वर्षं आम्ही हे लोकांना सांगत आलो. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ एली-आबेल कारिएर यांनी १८६७ मध्ये या जातीचं वर्णन छापलं ते लागवडीतल्या झाडांवरून, आणि नाव पडलं कुप्रेसस कॅश्मेरियाना. रानातलं झाड काश्मीरमध्ये नाही. ते आहे पूर्व हिमालयात, भूतानमध्ये आणि अरुणाचल प्रदेशाच्या पश्चिम भागात. पुष्कळ काळ याला स्वतंत्र जातच मानत नव्हते, हिमालयी सरूचा एक बागेतला प्रकार म्हणून मोकळे होत.

भूतानचा हा राष्ट्रवृक्ष. त्यांच्या राष्ट्रगीताच्या पहिल्याच ओळीत तो येतो. तिथल्या झोंगांच्या (किल्लेवजा मठ-कचेऱ्यांच्या) आणि मठांच्या आवारात याचे प्रचंड वृक्ष आहेत, लाकूड सुगंधी आणि टिकाऊ म्हणून मंदिरांच्या बांधकामात वापरतात, धूपही करतात. त्याला तिथे म्हणतात "त्सेंदेन", आणि हा शब्द आला आहे आपल्या "चंदन" वरून. ज्या भाषेत चंदन रोज बोललं जातं तिच्यातल्या पाटीवर हे नसावं याची मला लाज वाटली.

नवी पाटी:

"काश्मिरी सरू (त्सेंदेन). मूळ प्रदेश भूतान आणि पश्चिम अरुणाचल. नावात काश्मीर असलं तरी काश्मीरच्या रानात हे झाड उगवत नाही. पानांवरचा निळा रंग मेणाचा आहे, हात लावल्यास पुसला जातो आणि परत येत नाही. कृपया डोळ्यांनीच पाहा."

शेवटच्या दोन वाक्यांवर साहेब थोडे अडले, लांब होतंय म्हणाले. मी तीन हिरव्या फांद्या दाखवल्या. हो म्हणाले.

१९ नोव्हेंबर

वारस निवडला. पिवळ्या खुणेच्या उरलेल्या तिघांतला एक, कुंडी क्रमांक ४. उंची ९४ सेंटिमीटर, काठीशिवाय सरळ, डहाळ्या झुकायला लागल्यात, मुळांना फेर नाही (कुंडी हळूच काढून पाहिली). काकांची कलमं जास्त वेगाने वाढताहेत, त्यांतली काही सव्वा मीटरवर गेली. तरी स्वतःच्या मुळांवरचंच झाड हवं. कलमाचा जोड कधीतरी दगा देऊ शकतो, आणि जमिनीलगत खुंटाचा फुटवा आला तर तो ओळखायला काका असतीलच असं नाही. हे त्यांच्यासमोरच बोलून दाखवलं. त्यांनी मान डोलावली, पण त्या दिवशी चहाला थांबले नाहीत.

त्यांची दोन उत्तम कलमं राखीव ठेवली आहेत. बाकीची इतर बागांना द्यायची. एकाच छताखाली एकाच झाडाच्या सगळ्या प्रती ठेवणं शहाणपणाचं नाही, पंपाची रात्र आठवते. पोपटी रोपही ठेवणार, अगदी वेगळं निघतंय ते.

१७ फेब्रुवारी २०२५

जुना सरू काढला.

काचघर दोन दिवस बंद. परांची बांधून वरून खाली, मीटर-मीटरचे तुकडे, प्रत्येक तुकडा दोरीने उतरवला. खाली फर्न्सचे वाफे आहेत, एकही तुकडा सोडून द्यायचा नव्हता. पहिला मोठा काप झाला आणि वास सुटला: गोडसर, राळेचा, थोडा लिंबासारखा, आणि खाली काहीतरी खोल, जुन्या लाकडी पेटीसारखं. दुपारपर्यंत संपूर्ण काचघरात तोच. शेजारच्या इमारतीतले कर्मचारी विचारत आले.

बुंध्याचा काप घासून मोजला. जमिनीपासून हातभर वर ३६ वलयं. मधोमध नाहीत. झाड पहिल्या वर्षांत उजेडाकडे, दक्षिणेला कललं असणार, कारण त्या बाजूची वलयं दुप्पट रुंद आणि लालसर आहेत. सूचिपर्णी झाड कललं की कलत्या बाजूला खालून टेकू दिल्यासारखं जास्त लाकूड घालतं, पानझडी झाडं उलट वरच्या बाजूने ओढून धरतात. सुरुवातीची दहा वलयं अशी, मग पुढे हळूहळू सारखी होत गेलेली. म्हणजे स्वतःला सरळ करायला त्याने दहा वर्षं घेतली. बाहेरची वलयं कागदाच्या कडांसारखी. शेवटची कित्येक वर्षं ते फक्त उंच होत होतं.

काका सकाळपासून बोलले नाहीत. १९८६ मध्ये ते इथे नव्हते, पण बत्तीस वर्षं याला पाणी त्यांनी घातलं. संध्याकाळी त्यांनी कापाचा एक चकतीएवढा तुकडा मागितला. मी तो पॉलिश करून देते म्हटलं. "नको," म्हणाले, "पॉलिशने वास जातो."

२१ मार्च

लागवड. जुन्या बुंध्याच्या जागी नाही, दीड मीटर बाजूला, आढ्याच्या बरोबर खाली. खड्डा खोल नाही, रुंद. मुळांची हुंडी न फोडता, मातीच्या मूळ पातळीलाच, खोडाची मान उघडी. तळाला निचऱ्याची चाचणी आधीच केली होती: बादलीभर पाणी वीस मिनिटांत उतरलं. साचत्या पाण्यात सरूची मुळं कुजतात, मग वर काहीही करा. आधाराच्या दोन काठ्या बुटक्या, गाठ सैल.

उंची १०८ सेंटिमीटर. वर जवळजवळ साडेआठ मीटर मोकळी हवा. तेवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत ते रोप इतकं लहान दिसतं की एका बाईंनी विचारलं, "इथलं ते निळं झाड कुठे गेलं?" मी त्यांना रोपापाशी घेऊन गेले.

८ जून

वाढ ११ सेंटिमीटर. नवी पालवी निळी. कोळी: कागदावर दोन.

२ नोव्हेंबर

उंची १३१. रोज हलवणं चालू आहे, आता ती मुलगी नोकरीत लागली आहे आणि ते काम तिच्याकडे. काठ्या काढल्या.

मधल्या लोखंडी खांबावर आज आठ मीटरवर लाल रेघ मारून घेतली, चार बोटं रुंद. नोंदणी वहीत तिच्यापुढे लिहिलं: "सरू, कुंडी क्र. ४, छाट कलम, मातृवृक्ष १९८६ चा. लागवड २१ मार्च २०२५. शेंडा लाल रेघेला लागला की त्याच हिवाळ्यात कलमं घ्यावीत. संजीवक ३००० पीपीएम, जास्त नको. काड्या शेंड्याच्या. तेल मारू नये."

काकांनी खाली सही केली. त्यांची वहीतली ही पहिलीच सही.